स्कायकोमिशची चढण

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या कुडाळकडे ओहोळांना लाल पाणी येतं आणि त्या पाण्यावर मासे उलटे चढायला लागतात. मळये, खवळे, शेंगटी, ज्याच्या नशिबी जे असेल ते. पोटं गाबोळीने टम्म फुगलेली. बाबा आणि शेजारचे काका पाग, म्हणजे फेकायचं जाळं, आणि बत्ती घेऊन रात्री बांधावर उभे राहायचे आणि मी त्यांच्यामागे छत्री धरून. चढणीचे मासे ज्याने पाहिलेत, त्याला पॅसिफिकच्या काठचा पिंक सॅल्मन समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. तोही चढणीचाच मासा. फक्त त्याची चढण सप्टेंबरात, आणि तीही एक वर्ष सोडून.

हे एक वर्ष सोडून प्रकरण मला आजही नवलाचं वाटतं. पिंकचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. चिनूक किंवा कोहो या सॅल्मनच्याच दुसऱ्या जातींत कुणी लवकर परततं, कुणी उशिरा. पिंकमध्ये तशी सवलत नाही. त्यामुळे विषम सालात जन्मलेल्यांची पोरं विषम सालातच जन्मणार, आणि सम सालवाल्यांशी त्यांची आयुष्यात कधी गाठच पडणार नाही. एकाच नदीत राहून ही दोन घराणी वेगळी होत गेली. वॉशिंग्टन राज्यात, प्यूजेट साउंड या जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याला मिळणाऱ्या नद्यांत, जवळजवळ सगळा भर विषम सालांवर असतो. म्हणून २०१३ च्या सप्टेंबरसाठी मी जानेवारीतच रजा टाकून ठेवली होती. खाली जे लिहिलंय ते त्या वेळच्या वहीतलं आहे, थोडं नीट करून.

गुरुवार : स्नोहोमिश नदी

काल अनंत चतुर्दशी. सिएटलजवळच्या बॉथेलला दादाकडचा, म्हणजे माझ्या मामेभावाकडचा, गणपती रात्री उठला. त्यांच्याकडे श्रावण लागल्यापासून गणपती उठेपर्यंत मासे बंद, त्यामुळे आज पहाटे साडेचारला उठायला कुणाला हाक मारावी लागली नाही. वहिनीने थर्मासमध्ये चहा आणि डब्यात घावणे दिले. "बर्फ विसरू नका," एवढंच म्हणाली.

चार दिवसांत नदीच्या खालच्या अंगापासून वर वर जायचं, असं आम्ही ठरवलं होतं. स्कायकोमिश आणि स्नोक्वाल्मी या दोन नद्या मन्‍रो गावाच्या खाली एकत्र येतात, तिथून पुढे नाव स्नोहोमिश, आणि एव्हरेटला ती समुद्राला मिळते. मासा उलट वाटेने येतो. म्हणून पहिला दिवस स्नोहोमिशच्या थॉमस एडी या वळणावर. गाडी वर लावायची, उतार उतरायचा, ओल्या गवतातून बरंच चालायचं, मग वाळू-गोट्यांचा मोठा पट्टा लागतो. पौर्णिमा होती. चंद्र पश्चिमेला टेकलेला आणि नदीवर धुकं. पौर्णिमेच्या उधाणाबरोबर नवा मासा आत शिरतो, हे दादाचं गणित. आपल्याकडच्या कुठल्याही खाडीकाठच्या माणसाला ते पटेल.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आपल्या गळाला शिसं असतं. शिसं भिरकावलं की दोरी त्याच्यामागून जाते. इथे आकड्याला वजन जवळपास नसतंच, नुसतं पीस आणि दोरा. वजन असतं ते दोरीला. ती जाड, लेप दिलेली दोरी नऊ फुटी रॉडने आधी मागे उलगडायची, पूर्ण उलगडली की क्षणभर थांबायचं आणि मग पुढे सोडायची. सगळी कला त्या थांबण्यात आहे. मी घाई करते, आणि दोरी मागच्या गवतात बसते. "थांब गो, घाय नको," हे दादाने सकाळभरात किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही.

फ्लाय मी स्वतः बांधून आणले होते, बारा. सहा नंबरचा आकडा. त्याच्या मानेशी बाथरूमच्या साखळीचे असतात तसे दोन बारीक मणी, डोळ्यांसारखे. शेपटीला मॅराबूचं गुलाबी पीस, जे कोरडं असताना कापसासारखं फुगतं आणि पाण्यात गेलं की श्वास घेतल्यासारखं हलतं. अंगावर गुलाबी शनीलचा दोरा पाच-सहा वेढे, आणि डोक्याशी गाठ. रंग बघितला तर लग्नातल्या बँडवाल्याच्या फेट्याचा. आकड्याला उलटा काटा चालत नाही, तो पकडीने दाबून सपाट करावा लागतो. बांधतानाच दाबला होता, तरी दादाने प्रत्येक आकडा रुमालातून ओढून तपासला. रुमालाला अडकला नाही तर बरोबर.

उजाडताना मासे दिसायला लागले. दिसायला म्हणजे, पाण्याच्या पाठीवर एक काळपट गोलाई वर येऊन खाली जायची. एक, मग तीन, मग सगळ्या वळणभर. नदीत शिरल्यावर सॅल्मन खात नाही. पोट आक्रसत जातं, अंगातल्या चरबीवर तो पुढची वाट चालतो. मग गुलाबी पिसाला तोंड का लावतो? कुणी म्हणतं राग, कुणी म्हणतं समुद्रातली सवय. समुद्रात ते कोळंबीसारखे बारीक जीव खातात, तोही रंग गुलाबीच. मला सवयीची बाजू पटते.

पहिला मासा साडेसातच्या सुमारास लागला. फ्लाय प्रवाहात आडवा वाहू दिला होता, दोरी बोटांनी हळूहळू ओढत होते, आणि ओढ मध्येच जड झाली. झटका नव्हता, कुणीतरी दोरी हातात धरून ठेवावी तसं. मग रॉड वाकला. सहा-सात मिनिटं तो प्रवाहाचा आधार घेऊन खाली पळत होता आणि मी गोट्यांवरून त्याच्यामागे. हातात आला तेव्हा चांदीसारखा लखलखीत, पाठ निळसर हिरवी, पोट पांढरं. दोन किलोला थोडा कमी. शेपटीवर मोठे लांबट काळे ठिपके, वर-खाली दोन्ही पात्यांवर. खवले इतके बारीक की बोट फिरवलं तर जाणवत नाहीत. ही ओळख पक्की पाहिजे, कारण याच पाण्यात चिनूकही असतो. प्यूजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संरक्षित यादीत आहे. त्याच्या हिरड्याच नाहीत, सगळं तोंडच आतून काळं असतं. तोंड उघडून बघायचं, शंका आली तर सोडायचं.

दादाने तिथल्या तिथे कल्ले कापून रक्त काढलं आणि मासा बर्फात घातला. पिंकचं मांस फार लवकर मऊ पडतं. लोक त्याला हलका मासा म्हणून नाक मुरडतात त्याचं निम्मं कारण हेच, की उन्हात दोरीला लटकवून ठेवतात. मग परवान्याबरोबरच्या कार्डावर नोंद: तारीख, नदी, मासा. ती लगेच करायची, घरी जाऊन नाही.

रात्री वहिनीने तुकड्यांना हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून रव्यात घोळवून तळले. मांस फिकट गुलाबी, चव सौम्य, काटे रावसासारखे सुटे. (आपल्याकडच्या हॉटेलांत रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण दोघांचं नातं काही नाही.) दोन माद्यांच्या पोटात गाबोळी निघाली, नारिंगी, मटाराहून जराशी लहान अशी मण्यांची दोन लांब पिशवीभर रास. तीही तळली. मला लहानपणीची चव आठवली आणि मी वाटीभर खाल्ली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण शनिवारी त्याचा संबंध आहे.

शुक्रवार : मन्‍रो

स्कायकोमिश. लोक प्रेमाने नुसतं स्काय म्हणतात. पाणी खाली होतं तसं गढूळ नाही. गोटे मोजावेत इतकं नितळ, आणि इतकं गार की वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घालूनही गुडघे आखडतात. अल बॉर्लिन पार्कच्या झाडीतून काठावर उतरलो. पूर्वेला डोंगरांची करवत.

मासा तोच, पण थोडा वर आल्यावर तोच राहिलेला नव्हता. चांदी उतरली होती. पाठ करडी-हिरवट, पोटावर पिवळट झाक, आणि नरांच्या पाठीवर कुबड यायला लागलेलं. कुबडावरूनच त्याला इथे हम्पी म्हणतात, आणि शास्त्रीय नावातला गोरबुशा हा शब्दही रशियनमधल्या कुबडावरून आलेला. जबडा पुढे वाढून खाली वाकतो, दात मोठे होतात. समुद्रात बेतशीर दिसणारा मासा दोन-तीन आठवड्यांत असा होतो, आणि हे सगळं तो काहीही न खाता स्वतःच्या अंगातून काढतो.

आज माझ्या हातून चूक झाली. डोहात मासे इतके दाटीने उभे होते की दोरी त्यांच्या अंगांना घासत जायची. ते घासणं मला तोंड लावल्यासारखं वाटलं आणि मी रॉड उचलला. मासा लागला, पण पळायला लागला तेव्हाच कळलं काहीतरी वेगळं आहे, कारण तो आडवा पळत होता. आकडा पाठीच्या पराजवळ रुतला होता. तोंडाबाहेर लागलेला मासा सोडावाच लागतो, तसा नियम आहे. आणि नियम नसता तरी सोडला असता. पण तो दमून आला होता. मी त्याला पाण्यातच दोन्ही हातांनी धरून प्रवाहाकडे तोंड करून बसले. कल्ले उघडझाप करत होते. बऱ्याच वेळाने शेपटीत जोर आला आणि तो हातातून निघून गेला. अंगातली चरबी मोजून आणलेला जीव, त्यातली मी किती खर्ची घातली, हे डोक्यातून जाईना. त्यानंतर डोह सोडून दिला आणि खालच्या उथळ, वाहत्या पाण्यात गेले, जिथे मासे विरळ होते. तिथे जे दोन लागले ते तोंडात लागले. एक काळवंडलेला होता, तो सोडला.

दुपारी काठावर एक गृहस्थ आदिवासींच्या जाळ्यांवर तोंडसुख घेत होते. खाली सगळं तेच पकडतात वगैरे. मला गप्प बसवेना. १८५५ साली मकिल्टिओला झालेल्या करारात इथल्या जमातींनी जमीन दिली आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क शंभर वर्षं पायदळी तुडवला गेला. निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक यांच्यासारखी माणसं स्वतःच्याच नदीत जाळं टाकल्याबद्दल पुन्हा पुन्हा अटकेत गेली. शेवटी १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशातला निम्मा वाटा त्यांचा. म्हणजे ते आपल्या वाट्याचं घेतात. मी एवढं बोलले, ते ऐकून घेतलं त्यांनी. पटलं की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत.

शनिवार : सुल्तान

आज रॉड गाडीतच ठेवला.

सुल्तान हे गाव स्कायकोमिशच्या काठी आहे आणि सुल्तान नावाचीच छोटी नदी इथे येऊन मिळते. गावामागे ऑस्प्रे पार्क नावाची झाडी आहे. मॅपल, सीडर, पायाखाली शेवाळ, आणि झाडीतून नदीचे उथळ फाटे. पाणी दिसायच्या आधी आवाज आला. ओल्या फडक्याने दगडावर सपासप मारावं तसा. आणि वास.

फाट्यात पाणी जेमतेम घोट्याच्या वर. त्यात पिंक उभे, पाठी पाण्याबाहेर. काठावर, माझ्यापासून दीड हातावर, एक मादी होती. मी खाली बसले आणि तासभर हललेच नाही.

ती कुशीवर वळायची आणि शेपटीने तळावर पाच-सहा फटके मारायची. फटक्याबरोबर गोटे उचलले जायचे आणि प्रवाह त्यांना हातभर खाली नेऊन टाकायचा. गाळ धुऊन जायचा. मग ती वर सरकून पुन्हा जागेवर यायची, खड्ड्यावर तरंगायची, पोटाखालचा पर खाली टेकवून खोली बघितल्यासारखं करायची, आणि पुन्हा कुशीवर. शेपटीची खालची कड झिजून पांढरी झाली होती, कातडं जाऊन आतली काडी दिसत होती. मागे कुबडवाला नर, त्याच्यामागे आणखी दोन, आणि त्यांची आपसात चावाचावी. एका वेळी मादी खड्ड्यात खाली बसली, नर तिला चिकटून आला, दोघांची तोंडं आ झाली आणि सगळं अंग थरथरलं. तीन-चार सेकंद. पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं झालं. लगेच ती वर सरकली आणि नव्या जागी फटके मारायला लागली. तिथले गोटे वाहून आले आणि खालच्या अंड्यांवर बसले. एकाच हालचालीत पुढचा खड्डा आणि मागच्याचं पांघरूण.

काही दाणे मात्र निसटले. नारिंगी मणी प्रवाहात गडगडत माझ्या बुटापर्यंत आले. खाली एक ट्राउट त्यासाठीच टपून बसला होता. गुरुवारी वाटीत होते ते हेच मणी. एका मादीच्या पोटात साधारण दीड हजार. मी खाल्ले याचं मला वाईट वाटलं असं नाही. बाबांनी आम्हाला गाबोळी खाऊनच वाढवलंय. पण आजवर मी गाबोळी फक्त एका बाजूने पाहिली होती, ताटाच्या. ती कशासाठी चढत होती ते ठिकाण चाळीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्याकडे रात्र असायची, पाणी लाल असायचं, आणि मासा ठिकाणावर पोचायच्या आत पागात असायचा.

दादा दूर उभा होता. एक मुलगा, बारा-तेरा वर्षांचा, वेडर घालून फाट्यात उतरायला लागला तेव्हा दादाने त्याला नीट बोलावून घेतलं आणि दाखवलं: तळ जिथे काळपट, शेवाळलेला आहे तिथे चाल; जिथे घासल्यासारखा उजळ, स्वच्छ गोट्यांचा तुकडा दिसतो तिथे पाय नको, खाली अंडी आहेत. मुलगा मग काठानेच गेला.

अंड्यांना माणसाच्या पायाइतकंच भय पुराचं. हिवाळ्यात नदी जोरात आली की गोट्यांसकट सगळं उचलून नेते. हे लिहिलं तेव्हा ऐकीव होतं, पुढे डोळ्यांनी बघितलं. २०१५ च्या उन्हाळ्यात इथल्या नद्या आटल्या, पाणी तापलं, आलेले पिंक आकाराने लहान होते, आणि हिवाळ्याच्या तोंडाला पूर आले. त्यांच्या पोरांची पाळी २०१७ ला होती. फार थोडे आले. दोन वर्षांचं चोख वेळापत्रक असलं की असं होतं. एक साल बुडालं की भरून काढायला मागचं-पुढचं भावंड नसतं.

संध्याकाळी काही विशेष नाही. पिठलं-भात खाल्ला आणि झोपलो.

रविवार : परत

पहाटेपासून रिमझिम. निघायच्या आधी पुन्हा ऑस्प्रे पार्कला गेले, एकटीच. कालची मादी तिथेच होती. आता खणत नव्हती, नुसती खड्ड्यावर उभी राहून दुसऱ्या माद्यांना हाकलत होती. अंगावर पांढरे चट्टे. नर दिसला नाही. चार पावलं खाली, मुळांत अडकलेले तीन मेलेले नर होते, त्यातला तो कुठला ते सांगता येणार नाही. एक करडा पक्षी, डिपर, दगडावर उड्या मारत सरळ पाण्यात बुडी घ्यायचा आणि चोचीत नारिंगी मणी घेऊन वर यायचा. ही मढी इथेच कुजतात. समुद्रातून आणलेलं नत्र झाडांच्या मुळांपर्यंत जातं. माझ्या डोक्यावरच्या सीडरमध्येही समुद्राचा अंश असणार. पिल्लं वसंतात गोट्यांतून वर येतात आणि चिनूक-कोहोसारखी नदीत रेंगाळत नाहीत. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी असताना, रात्रीच्या अंधारात, थेट समुद्राकडे.

येताना दादाने आडवाटेने गाडी घेतली आणि एका छोट्या ओढ्यावर थांबवली. "ही मोरी बघ," म्हणाला. रस्त्याखालून जाणारा रुंद पाइप, पण आतला तळ दिसतच नव्हता, कारण आत ओढ्याचेच गोटे पसरलेले होते. पाणी बाहेर जसं वाहत होतं तसंच आतून. पूर्वी इथे अरुंद पाइप होता, त्याचं तोंड ओढ्याच्या वर लटकत असे आणि मासा तिथेच अडकायचा. राज्यभर अशा मोऱ्या आहेत. त्यांवरून जमातींनी खटला भरला, आणि याच वर्षी मार्चमध्ये कोर्टाने राज्याला त्या दुरुस्त करायचा हुकूम दिला. (२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची मतं चार-चार अशी समान पडली आणि तो हुकूम कायम राहिला.) मी तीन-चार फोटो काढले.

रात्री कुडाळला फोन लावला, तिकडे सकाळ होती. बाबांना सगळं सांगितलं. मादी, शेपटी, गोटे. ते मध्ये काही बोलले नाहीत. मग विचारलं, आपल्या ओहोळाला यंदा चढण कशी होती? तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला त्या वेळी घातलेली मोरी ओहोळाच्या पाण्यापासून हातभर वर आहे. "मासे मोरयेखाली जमतत, वर चढूक गावना नाय," बाबा म्हणाले. मिरगात पोरं येतात आणि तिथल्या तिथे पाट्या भरून नेतात. पाग टाकायचीही गरज पडत नाही.

मी फोटो पाठवले. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन परत आला.

"ह्या पायपात गोटे कशे घातल्यानी, ता इचार दादाक," ते म्हणाले. "आणि पाइप जमनीत किती पुरल्यानी, ताय."